सुईची दुपार

नाना नोकरी सोडून घरी बसला त्याला आता पाच वर्षं होत आली, पण आजही कुणी जुना ओळखीचा रस्त्यात भेटला की खांद्यावर हात टाकून म्हणतोच, नाना, तू खरा सुटलास. नाना हसतो. हसायला काय जातं. पण हसताना त्याचा एक डोळा जरा बारीक होतो. बुटात खडा गेलाय आणि चारचौघांत वाकून काढता येत नाही, अशा माणसाचा होतो तसा. हा खडा कुठला, ते सांगायचं तर त्या टेबलापासून सुरुवात करायला पाहिजे.

कंपनी पार्सलची होती. मोठी होती. काचेची इमारत, खाली दारात प्लास्टिकच्या फुलांच्या कुंड्या आणि सातव्या मजल्यावर मुख्य ऑफिस. त्या मजल्याच्या मधोमध एक लांबलचक टेबल होतं. त्याला सगळे नुसतं टेबल म्हणायचे, बाकीची टेबलं म्हणजे जणू पाटच. दोन खुर्च्या, तीन स्क्रीन, दोन फोन. कंपनीच्या सगळ्या गाड्या या टेबलाच्या तोंडाकडे बघून हलायच्या. कुठला ट्रक कुठल्या रस्त्याने घालायचा, कुठला पूल बंद आहे, कुठल्या गोदामाचा वॉचमन जेवायला जाताना किल्ली खिशात घालून जातो, कुठला ड्रायव्हर घाटात गाडी घालायला घाबरतो पण मेला तरी कबूल करत नाही, हे सगळं त्या दोन खुर्च्यांवरच्या दोन डोक्यांत असायचं.

एक डोकं नानाचं. त्याला नाना हे नाव पंचविशीतच पडलं होतं. एसीचं तोंड नेमकं त्याच्या मानेवर, म्हणून तो भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचा आणि कुणी न विचारता सल्ले द्यायचा. असा माणूस नाना नाही तर काय होणार. दुसरं डोकं सुईचं. अंगाने काडी, आणि बोलायला लागली की टोचायची, म्हणून सुई. ड्रायव्हर लोक नानाला मस्का लावायचे आणि सुईला घाबरायचे. कुणी फोन करून सांगितलं, मॅडम, गाडी पंक्चर झाली, उशीर होईल, की ती गोड आवाजात विचारायची, बरं, पंक्चर काढता काढता चहा किती झाला? आणि पलीकडे शांतता. बहुतेक वेळा पंक्चर नसायचंच, चहाच असायचा.

टेबलाचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. टेबल रिकामं ठेवायचं नाही. एक उठला की दुसऱ्याने बसायचं. आधी नाना जेवणार, मग सुई. बाथरूमला जायचं तरी "बस, आलोच" म्हणून जायचं. दोघांना एका दिवशी रजा तर स्वप्नातही नाही. फार पूर्वी, या दोघांच्या आधी जी जोडी होती, ती कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायला एकदमच उठली होती. तेवढ्यात औषधांनी भरलेला ट्रक बंद पुलापाशी जाऊन उभा राहिला. विचारायला फोन केला तर इकडे उचलायला कुणी नाही. औषधं उन्हात खराब झाली. ती जोडीही मग टिकली नाही. तेव्हापासूनचा हा कायदा, आणि त्याच्या पोटातून निघालेला दुसरा: रजा असो, बदली असो, नोकरी सोडणं असो, आधी टेबलाला सांगायचं, मग साहेबांना. टेबलाला म्हणजे शेजारच्याला. कारण तू उठलास की तुझं ओझं आधी त्याच्या डोक्यावर येतं, साहेबाच्या नाही.

सुईने हा कायदा पाळला. तिथेच फसली.

तिला एक मुलगी होती, तेव्हा पहिलीत जायची. शाळा दुपारी सुटायची, शेजारच्या काकू तिला घेऊन यायच्या, खायला घालायच्या आणि सुई घरी पोचायची तोवर दिवे लागलेले असायचे. एकदा सुईला सडकून ताप आला म्हणून ती घरी राहिली. दुपारी दार वाजलं, पोरगी आत आली आणि आईला पलंगावर बघून उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "आई, तू दुपारी पण असतेस?"

हे सुईने नानाला हसत हसत सांगितलं होतं. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा चालू राहतो की विझतो हे जसं पोरांना कळत नाही, तसं हिला माझं कळत नाही, म्हणाली. तिला वाटतं संध्याकाळी दार उघडलं की मी पेटते. नानाही पोट धरून हसला. पण सुईचं संपलं नव्हतं. तापात पडल्या पडल्या तिने दुपारभर आपलं घर बघितलं होतं. ऊन आधी भांड्यांच्या फळीवर येतं, मग सरकत सरकत पोरीच्या वह्यांवर जातं. वरच्या मजल्यावर कुणीतरी पेटी शिकतंय आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी चुकतंय. आणि पोरगी कोपऱ्यात बाहुलीला बसवून तिच्यावर ओरडतेय, अगदी सुईच्याच आवाजात: "फोन ठेवू नका, मी विचारतेय ना, आत्ता कुठे आहात?"

हे सांगताना सुई हसायची थांबली. नानाने तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

पुढे काही आठवड्यांनी नाना टेबलावर संत्रं सोलत बसला होता, सुईची जेवायची पाळी होती, पण ती डबा उघडेना. फोन जरा शांत झाले तसं तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"मी सोडतेय, नाना. मला दुपारी माझं घर कसं दिसतं ते बघायचंय. रोज."

नाना म्हणाला, घर काय, दुपारी पण घरासारखंच दिसतं, फक्त जरा पेंगुळलेलं. ती हसली, पण मागे हटली नाही. नवऱ्याशी सगळं बोलून झालं होतं. हात आखडून राहायचं, पुढे पोरगी मोठी झाली की बघू, तोवर अर्ध्या दिवसाचं काही मिळालं तर मिळालं. भीती एकच होती, साहेबांची. ते ओरडत नसत. ओरडणाऱ्याला सुईने तिथल्या तिथे उसवून ठेवलं असतं. पण साहेब गोड बोलायचे, बसा ना म्हणायचे, पाणी मागवायचे, आणि गोड बोलणाऱ्यापुढे सुईची धारच जायची. ती म्हणाली, तुम्हीच बोला ना त्यांच्याशी, तुमचं ऐकतात ते.

नानाने अर्धं संत्रं तिच्या हातावर ठेवलं. "मी बघतो. तू तुझ्या दुपारच्या तयारीला लाग."

आणि हे त्याने मनापासून म्हटलं होतं. पुढचं कळायचं तर हे लक्षात ठेवायला पाहिजे. नाना काही कपटी माणूस नव्हता. उठला, स्वेटर खाली ओढला, "बस, आलोच" म्हणाला आणि केबिनकडे निघाला तो सुईचंच काम करायला निघाला होता.

साहेबांच्या केबिनला खिडकी होती. टेबलाला खिडकी नव्हती, टेबलाला स्क्रीन होत्या. वर्षानुवर्षं नाना त्या केबिनमध्ये जात होता, पण तिथे माणूस साहेबांच्या भुवयांकडे बघतो, खिडकीकडे कोण बघतो. त्या दिवशी साहेब फोनवर होते, हाताने त्यांनी बसा म्हटलं, आणि नानाला बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने खाली बघितलं. खाली बाग होती. तिथल्या बाकावर एक माणूस झोपला होता. चांगल्या कपड्यातला, नानाच्याच वयाचा, भर कामाच्या दिवशी, बूट काढून उशाला घेतलेले, आणि एक पाय बाकाखाली लोंबत होता. एक कुत्रं येऊन त्याचा मोजा हुंगून गेलं. तो हललाही नाही.

नानाला त्या माणसाचा असा हेवा वाटला की छातीत कळ आली. असा हेवा त्याला कधी कुणाच्या गाडीचा, बंगल्याचा वाटला नव्हता.

फोन संपला. साहेब म्हणाले, "बोला नाना."

"साहेब, टेबलावरून एक जण सोडायचं म्हणतोय."

"कोण?"

इथे सुईचं नाव यायला हवं होतं. ते जिभेवर होतं. आणि नाना म्हणाला, "मी."

स्वतःच्या तोंडातून निघालं ते स्वतःच ऐकून तो घाबरला. साहेबांनी विचारलं, का, कुठे दुसरीकडे मिळालं का, तब्येत वगैरे? आता कारण द्यायला पाहिजे होतं, आणि नानाच्या खिशात कारणच नव्हतं. ज्याचं आत्ताच, या मिनिटाला ठरलं त्याच्याकडे कारण कुठून असणार? मग शेजारच्या खिशात होतं ते त्याने उचललं. म्हणाला, "मला दुपारी माझं घर कसं दिसतं ते बघायचंय, साहेब. रोज."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. लोक सोडताना आईवडील सांगतात, पाठदुखी सांगतात, खोटंनाटं काय काय सांगतात. असं कुणी सांगितलं नव्हतं. ते हळवे झाले. म्हणाले, जा नाना, मी अडवणार नाही, फक्त टेबल तेवढं बघायला पाहिजे. मग एकदम त्यांना आठवलं. "सुई आहे ना? ती कुठे जात नाही ना इतक्यात?"

पहिलं एक वेळ जीभ घसरली म्हणून सोडून देता आलं असतं. हे दुसरं नाही. या वेळी नानाला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला होता. सुई जाणार म्हटलं तर आपलं जाणं अडकतं, हा हिशोब त्याच्या डोक्यात व्यवस्थित झाला, आणि तो म्हणाला, "ती? ती कुठे जाते."

बाहेर आला तर सुई फोन कानाला लावून त्याच्याकडेच बघत होती. भुवया वर करून तिने विचारलं, काय झालं? नानाने हाताने खूण केली, थांब. मग ते थांब लांबत गेलं. साहेब गडबडीत होते म्हणाला, मग बघू म्हणालेत म्हणाला, आणि एक दिवस सगळ्यांच्या स्क्रीनवर नानाच्याच निरोपाची बातमी येऊन पडली. तेव्हा त्याने सुईला सांगितलं की माझं आतून कधीचंच चाललं होतं, बोलता बोलता निघालं, साहेबांनी लगेच धरलं, आता एकाच वेळी दोघं कसे जाणार, तू थोडं थांब, नवीन माणूस तयार कर आणि मग जा. वर हेही म्हणाला की तुला माझी खुर्ची मिळतेय, ती काय वाईट आहे का.

सुई एवढंच म्हणाली, "हं. टेबलाला आधी सांगायचं असतं, नाना." पण तिने विश्वास ठेवला. माणसाचं असं आतल्या आत चालू शकतं, तिचं स्वतःचंही चाललंच होतं की.

निरोपाचा कार्यक्रम टेबलाजवळच झाला. दुसरीकडे होणार कसा, टेबल सोडायचं नाही. केक आला, कागदी बश्या आल्या. सुई बशी हातात घेऊन फोनच्या शेजारी उभी होती. साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, नानांनी मला जे कारण दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले, मला दुपारी माझं घर कसं दिसतं ते बघायचंय. रोज. आपल्यातल्या कितीजणांनी आपलं घर दुपारी बघितलंय? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिशोब विभागातल्या एक बाई तर डोळे पुसायला लागल्या.

सुईने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हातात बशी होती. तिने नानाकडे बघितलं. रागाने नाही. कुणी आपलाच कोट घालून समोरून यावं आणि बटणं बघून आपली खात्री पटावी, तसं बघितलं. तेवढ्यात फोन वाजला. तिने बशी ठेवली, पाठ वळवली, आणि बाकी सगळा कार्यक्रम होईपर्यंत ती कुणा ड्रायव्हरला रस्ता समजावत राहिली. डावीकडे नाही हो, डावीकडे खोदून ठेवलंय. उजवीकडून. नाना जाताना तिच्या खुर्चीमागे जरा थांबला होता. ती बोलत होती. तो गेला.

आता पुढचं ऐकून कुणाला वाटेल, की नाना घरी बसून कुढत राहिला असेल, करमलं नसेल. अजिबात नाही. मोकळं राहणं नानाला मस्त जमलं. हीच तर खरी बोच आहे. सकाळी चहाचा कप घेऊन तो गॅलरीत उभा राहायचा आणि खालून बॅगा सांभाळत पळणारी माणसं बघायचा. पोहण्याच्या तलावावर जायचा, तिथे भर दिवसा तो आणि काही म्हाताऱ्या, आणि म्हाताऱ्या त्याच्यापेक्षा जोरात पोहायच्या. हौसेने सुतारकाम शिकला, एक स्टूल केलं, ते डुगडुगायचं. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांना आता कसं दिसतंय, आता कसं दिसतंय विचारून आलेली. तिने स्टुलाकडे बघून सांगितलं की हे त्याच्यावर कुणी बसलं नाही तर फार सुंदर आहे. एकुलता एक पोरगा कामासाठी दुसऱ्या गावी राहायचा, तो फोनवर म्हणायचा, बाबा, आवाज बदलला तुमचा. खरंच बदलला होता. मानेचं दुखणं गेलं. स्वेटर कपाटात गेला.

फक्त एक गोष्ट व्हायची. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन नानाच्या बैठकीच्या खोलीत यायचं. खुर्चीच्या हातावर, मग भिंतीवर. छान यायचं, दृष्ट लागेल असं. आणि ते आलं की नानाला घरात बसवायचं नाही. पाय आपोआप चपला शोधायचे. कधी पोहायला, कधी वाचनालयात, कधी नुसताच बाजारातून फिरून. ऊन उतरलं की परत यायचा. पहिल्यांदा त्याला वाटलं उकडतं म्हणून. मग थंडीतही तेच व्हायला लागलं, तेव्हा स्वतःला थाप मारायची सोय उरली नाही.

बायकोच्या ते नजरेत यायला वेळ लागला, कारण ती त्या वेळी दुकानात असायची. पण सुट्टीच्या दिवशी तिने पकडला. तीन वाजले की कुठे पळता, तिथे कुणी वाट बघतंय का, म्हणाली. चेष्टेत म्हणाली होती. नाना खुर्चीत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. केबिन, खिडकी, बाकावरचा माणूस, ते "मी", ते "ती कुठे जाते". इतकी वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगताना त्याला कळलं की आपण ते रोज स्वतःला सांगत होतो, त्यामुळे एकही शब्द शोधावा लागला नाही.

बायकोने विचारलं, ती अजून तिथेच आहे का? नाना म्हणाला, हो, आता टेबलाची मुख्य आहे म्हणतात. आणि मग त्याने मनात शिजवलेला बेत बाहेर काढला. आपण साहेबांकडे जायचं, म्हणायचं मी परत येतो, कुठल्याही पगारावर, म्हणजे तिला सुटता येईल. तिचं तिला परत.

"परत?" बायको म्हणाली. "ती काय छत्री आहे का, न्यायची विसरली म्हणून नेऊन द्यायला? पोरगी पहिलीत होती तेव्हाची दुपार होती ती."

पण काहीतरी करायला हवं या कल्पनेनेच नानाला इतकं बरं वाटायला लागलं होतं की आता थांबणं शक्य नव्हतं. कपाटातून चांगला शर्ट निघाला. बायकोने इस्त्री करून दिली, पण तोंड वाकडं ठेवूनच.

खालच्या कुंड्या बदलल्या होत्या, फुलं तशीच प्लास्टिकची. दारावरच्या वॉचमनने नानाला ओळखलं नाही, कुणाकडे काम, कुठून आलात, विचारलं आणि गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं. नाना आधी साहेबांकडे जाणार होता, पण सातव्या मजल्यावर त्याचे पाय आपोआप टेबलाकडे गेले. टेबल आता केवढं झालं होतं. खुर्च्यांची रांग, भिंतभर स्क्रीन, कानात वायरी घातलेली कोवळी पोरं. बाजूला काचेची केबिन आणि त्यात सुई. चष्मा लागला होता. अंगाने तशीच होती. त्याला बघून ती उठली, दार उघडून म्हणाली, "या नाना," आणि खुर्ची दाखवली. म्हणाली, बसा ना. पाणी मागवलं.

हे "बसा ना" नानाच्या ओळखीचं होतं.

इकडचं तिकडचं झालं. मग नानाने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, ते "ती कुठे जाते" सुद्धा. ते तिला माहीत नव्हतं. वाक्य चोरल्याचं माहीत होतं, हे नव्हतं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. काचेपलीकडून एक पोरगा काहीतरी विचारायला आला, तिने बोटाने त्याला परत पाठवलं.

नाना म्हणाला, मी साहेबांशी बोलतो, मी येतो परत, तू मोकळी हो.

ती हसली. टोचून हसली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही केबिनमध्ये गेला होतात ना त्या दिवशी, तेव्हा मी घरी फोन केला होता. पोरीला सांगून टाकलं, आता आई दुपारी असणार. दमच निघाला नाही मला. मग ती रोज रात्री विचारायची, उद्यापासून का? नंतर नंतर विचारायची बंद झाली."

मग तिने बाकीचंही सांगितलं, तुटक तुटक, कामाचं सांगावं तसं. पहिलं वर्ष नवीन माणूस तयार करण्यात गेलं, तो तयार झाला आणि दुसऱ्या कंपनीत पळाला. मग कामच इतकं वाढलं की सोडायचा विषय काढायला सवड होईना. पोरगी आता मोठी झाली. खोलीचं दार लावून घेते. मागे एकदा सुई मुद्दाम दुपारी घरी राहिली होती, तर दाराच्या फटीतून डोकं काढून पोरीने विचारलं, आज कशी काय घरी, बरं नाही का तुला? आणि बरी आहे म्हटल्यावर दार परत लागलं. पोरगी वाईट नाही हो, सुई म्हणाली. तिला आता माझी गरज संध्याकाळीच असते. तशी सवयच लागली तिला.

"तरी पण," नाना म्हणाला. "आता तरी."

"आता मला जायचंच नाहीये, नाना. हे काम मला आवडायला लागलंय. मी चांगली आहे यात. जिला जायचं होतं ती बाईच राहिली नाही. तुम्ही सोडवायला आलात कुणाला?"

नाना खाली बघत राहिला. कार्डाच्या दोरीला पीळ पडला होता, तो सोडवत राहिला. "माझं चुकलं," म्हणाला.

"हो," सुई म्हणाली.

पुढे तिने काहीच जोडलं नाही. जाऊ द्या, झालं ते झालं, असलं काही नाही. नानाला आत कुठेतरी वाटत होतं की ते येईल. ते आलं नाही. मग तिने एकदम विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज जुना झाला, फोनवरचा:

"कशी असते पण? दुपार. ऊन येतं का तुमच्याकडे?"

खोटं बोलायला जागा होती. पण नानाला आता तेही जमेना. "येतं. तीनच्या सुमाराला. मी तेव्हा घरात नसतो."

"म्हणजे?"

"बसवत नाही मला तिथे."

सुईचा चेहरा तेव्हा बदलला. इतका वेळ ती थंड होती, सगळं ऐकून थंड होती, आणि या एका गोष्टीवर तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणून, बाहेरच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून बोलली.

"घेतलीत ती घेतलीत. आणि वापरली पण नाहीत? मी इथे बसून म्हणायचे, निदान एकाला तरी मिळाली. एवढं तरी म्हणायचे. तुम्ही तेही ठेवलं नाहीत."

याच्यासाठी नानाने काही तयार करून आणलं नव्हतं. तो इतकी वर्षं स्वतःला शिक्षा म्हणून त्या खोलीतून उठत होता. निदान तेवढं तरी आपण बरोबर करतोय, अशी त्याची समजूत होती. ती समजूत आता तिच्या टेबलावर चष्म्याशेजारी पडली होती आणि कुणाच्याच कामाची नव्हती.

काचेवर परत टकटक झाली. कुठेतरी कुठली तरी गाडी अडकली होती. सुईने चष्मा लावला. ती नानाला सोडायला लिफ्टपर्यंत आली, तेवढी रीत तिने सोडली नाही. दोघं दाराकडे बघत उभे राहिले, जुन्या सवयीने शेजारी शेजारी, दोघांच्या मध्ये एक खुर्ची मावेल एवढं अंतर ठेवून.

"सांगून बरं वाटलं का, नाना?"

नानाने खरंच विचार केला. बरं वाटेल म्हणूनच तर आला होता, हे त्याला आत्ता कळत होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मग ठीक आहे."

लिफ्ट आली. आत चार-पाच पोरंपोरी होती, चहाला निघालेली, कुणाच्या तरी नव्या फोनवरून भांडत होती. त्यांनी सरकून नानाला जागा दिली. तो आत शिरला, वळला, तोवर सुई पाठ करून चालायलाही लागली होती, आणि चालता चालताच कानाला फोन लावून कुणालातरी विचारत होती, आत्ता कुठे आहात.